कारखान्यातला संपादक



दिवसभर वैशाखाच्या उन्हात तापायचे आणि संध्याकाळी घरी पंख्याखाली पाय पसरण्याऐवजी सतरंजीवर दाटीवाटीने बसून कुणाचे तरी बोलणे ऐकायचे, ही आपल्या महाराष्ट्राची एक विलक्षण सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ही सवय आपल्याला जडली आणि आता ती सुटेल असे दिसत नाही. जालन्यासारख्या व्यापारी पेठेत, जिथे सरकी, लोखंड आणि बी-बियाणे यांच्या भावाखेरीज दुसरे बोलणे चालत नाही असा बाहेरच्यांचा समज आहे, तिथे एवढी मंडळी एका निवृत्त विद्युत अभियंत्याला ऐकायला जमली आहेत, याचा मला आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. आनंद का, ते सांगायला नको. भीती अशी, की अभियंता बोलायला उभा राहिला की तो श्रोत्यांना आकृती काढून दाखवू लागतो. आज मी फळा मागितलेला नाही. तेव्हा आपण निर्धास्त असावे.

माझा आजचा विषय आहे यंत्राकडून लेखणीकडे गेलेली माणसे. हातात हातोडा, पाना किंवा तारा घेऊन ज्यांचे आयुष्य जायचे, ती माणसे मासिकाच्या संपादकाच्या खुर्चीत का जाऊन बसतात? तिथे जाऊन ती काय करतात? आणि त्यांच्या तिथे बसण्याने आपल्यासारख्या गावाला काय मिळते? पण थोरांच्या गोष्टीकडे जाण्याआधी मला माझी स्वतःची एक लहानशी गोष्ट सांगू द्या. ती माझ्या शहाणपणाची नाही, चुकीची आहे.

१९७०च्या दशकाचा शेवट असेल. बहात्तरच्या दुष्काळाने सगळ्यांना विहिरीचे महत्त्व शिकवले होते आणि विहिरीवर मोटेच्या जागी विजेचे पंप बसू लागले होते. मी त्या वेळी तरुण अभियंता होतो. एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मोटार उन्हाळ्यात जळाली. त्याने ती गाडीत घालून जालन्याला आणली, भरून घेतली आणि परत बसवली. महिन्याने ती पुन्हा जळाली. त्याने मला गाठले. मी जाऊन पाहिले आणि दोन मिनिटांत ओळखले, की हे सिंगल फेजिंग आहे. मी त्याला तसे सांगितले. ओव्हरलोड रिले का लागतो, करंट कसा वाढतो, सगळे सांगितले. तो मान हलवीत होता. मला वाटले, याला समजले. तिसऱ्यांदा मोटार जळाली तेव्हा ती भरून आणण्यासाठी त्याने दावणीचा एक बैल विकला. मला भेटला तेव्हा तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं ते खरंच असंल, पण मोटार तर जळूच लागली ना!"

मंडळी, त्या वाक्याने मी खजील झालो. मी त्याला खोटे काही सांगितले नव्हते. जे सांगितले ते पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. पण ते त्याच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि न पोचलेल्या ज्ञानाची किंमत त्याने बैल विकून दिली होती. त्या रात्री मी एक कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले: "मोटारीला तीन तारांतून वीज येते. तिघे मिळून जे ओझे उचलतात, ते एक तार गेली की दोघांवर येते. मोटार चालू असेल तर ती लगेच थांबत नाही. ती तशीच ओढत राहते, आणि उरलेल्या तारांतून जवळजवळ पावणेदोन पट वीज जाते. त्याने आतले तांबे तापते आणि वरचा लेप जळतो. मोटार बंद असेल तर ती फिरत नाही, नुसती गुंगुं करते. असा आवाज आला की आधी खटका बंद करा. स्टार्टरमधला रिले पुन्हा पुन्हा पडतो म्हणून त्याला तार बांधून ठेवू नका. तो तुमचा शत्रू नाही, राखणदार आहे." त्या शेतकऱ्याने नेमके तेच केले होते. रात्री पाणी द्यायला जायचे, रिले पडला की अंधारात परत जाऊन बटण दाबायचे; वैतागून त्याने राखणदाराचे हातपाय बांधले होते.

तो कागद त्याने स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवला. दोन महिन्यांनी मी शेजारच्या गावात गेलो तर तोच मजकूर कुणाच्या तरी वळणदार अक्षरात दुसऱ्या पेटीत चिकटवलेला! नक्कल करताना एक-दोन शब्दही बदललेले होते, आणि खरे सांगायचे तर ते माझ्यापेक्षा चांगले होते. मी 'वरचा लेप' लिहिले होते, त्याने 'तारेवरचं वार्निश' केले होते. त्या दिवशी मला कळले, की लिहिणे हे अभियंत्याचे सुट्टीच्या दिवशी करायचे काम नव्हे, ते त्याच्या कामाचाच शेवटचा भाग आहे. पुढे मी वायरमन मंडळींसाठी निघणाऱ्या एका लहानशा पत्रकाचे संपादन काही वर्षे केले. त्या अनुभवाच्या जोरावर आज मी थोरांविषयी बोलणार आहे.

पहिला थोर माणूस परदेशी आहे. ह्यूगो गर्न्सबॅक हा १८८४ साली लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात जन्मला. विजेचे शिक्षण घेऊन, स्वतः तयार केलेल्या एका नव्या बॅटरीची कल्पना उराशी धरून तो १९०४ साली अमेरिकेत गेला. बॅटरीने त्याला श्रीमंत केले नाही. मग त्याने न्यूयॉर्कमध्ये विजेचे सुटे भाग आयात करून विकण्याचा धंदा काढला आणि घरी बसवता येईल असा बिनतारी संदेशाचा एक लहान संच विकायला सुरुवात केली. तो इतका स्वस्त होता, की हा माणूस लोकांना फसवत असावा अशी तक्रार पोलिसांकडे गेल्याचे सांगतात! आता या मालाची सूची छापायची म्हणजे नुसत्या किमती देऊन भागेना. हा भाग कशाला, तो कुठे जोडायचा, हे गिऱ्हाइकाला सांगावे लागे. त्या सांगण्यातूनच १९०८ साली 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक निघाले. दुकानदाराची सूची मासिक झाली आणि दुकानदार संपादक झाला.

पुढे त्याने 'इलेक्ट्रिकल एक्स्पेरिमेंटर' काढले. निकोला टेस्ला या महान संशोधकाने आपले आत्मकथन १९१९ साली लिहिले ते याच मासिकासाठी. १९२६ साली गर्न्सबॅकने 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ वैज्ञानिक कथांना वाहिलेले मासिक सुरू केले. वैज्ञानिक कथांसाठी आज जगात दिले जाणारे 'ह्यूगो' पारितोषिक त्याच्याच नावाचे आहे. गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. लेखकांना मोबदला वेळेवर देण्याच्या बाबतीत त्याची कीर्ती चांगली नव्हती, आणि १९२९ साली त्याच्या कंपन्यांचे दिवाळे वाजले. पण तो थांबला नाही, नवी मासिके काढीत राहिला. १९६७ साली तो वारला.

आता आपल्या घरी येऊ. शंकर आबाजी भिसे हे नाव आज किती जणांना आठवते कोण जाणे. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी माणूस सरकारी कचेरीत नोकरी करीत होता आणि डोक्यात यंत्रे फिरवीत होता. १८९०च्या दशकात त्यांनी 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक चालवले. विज्ञान आणि कलाकौशल्य साध्या मराठीत लोकांना सांगावे हा त्याचा हेतू. पुढे माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेबद्दल लंडनच्या स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले, दादाभाई नवरोजींचा पाठिंबा मिळाला आणि ते विलायतेस गेले. तिथे त्यांनी कोणते यंत्र शोधले? तर छपाईचे खिळे ओतण्याचे! 'भिसोटाइप' या नावाने ते ओळखले जाते. रतन टाटांनी त्यांच्या शोधांमागे भांडवल उभे केले, पण तो उद्योग टिकला नाही. भिसे नंतर अमेरिकेत गेले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. यंत्राकडून लेखणीकडे जाणारी वाट एकेरी नाही, हे भिशांकडे पाहून कळते. ज्याने मराठीत मासिक चालवले, त्याने पुढे अक्षरे ओतणारे यंत्रच शोधले.

आणि आता माझ्या आवडीचा माणूस. त्याची गोष्ट समजण्यासाठी आधी त्याच्या काकांना भेटले पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. चित्रकार होण्यासाठी मुंबईला गेले. पण काही रंग डोळ्यांना नीट कळत नाहीत असे निघाल्यावर यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. अभियंत्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. परदेशांतून येणारी तांत्रिक मासिके वाचून, त्यांतली चित्रे न्याहाळून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. हे वाक्य आपण नीट ध्यानात ठेवावे अशी माझी विनंती आहे. ज्या कारखान्याने महाराष्ट्राला लोखंडी नांगर दिला, त्याच्या पायात कुठल्या तरी दूरच्या, अनाम संपादकाने नीट काढून घेतलेल्या आकृत्या आहेत. तो संपादक मेला, त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, पण त्याच्या आकृतीने बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र उभे राहिले.

बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा एक निवडुंगाने भरलेला माळ आणि दहा हजार रुपये दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार झाला, पण शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्याचा समज! आपण हसता, पण त्या समजात मूर्खपणा नव्हता. जमीन ही त्याची एकुलती एक मिळकत होती. एका परक्या कारखानदाराच्या शब्दावर तिच्या पोटात लोखंड घालायचे, तर त्याला खात्री हवी होती. ती द्यायची कुणी आणि कशी?

इथे पुतणे येतात. शंकर वासुदेव किर्लोस्कर, जन्म १८९१. हेही चित्रकलेचे विद्यार्थी. पंडित सातवळेकरांकडे लाहोरला जाऊन त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. अशा माणसाने माळावरच्या कारखान्यात काय करावे? त्यांच्याकडे विक्री आणि जाहिरात यांचे काम आले. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे एक लहानसे मासिक काढले. कारखान्याची बातमी द्यायची, मालाची माहिती द्यायची, गिऱ्हाइकाशी संबंध ठेवायचा, एवढाच प्रारंभीचा हेतू. गर्न्सबॅकची सूची आणि शंकररावांची 'खबर', दोन्हींचे मूळ एकच आहे. दोघांनाही माल विकायचा होता, आणि दोघांच्याही ध्यानात आले की माल समजावून सांगितल्याशिवाय विकला जात नाही.

पण शंकररावांचे मोठेपण पुढेच आहे. मासिक वाढत गेले तसे त्यांना उमगले, की नांगर न घेणाऱ्या मनामागे केवळ नांगराविषयीचे अज्ञान नसते. तिथे दैव असते, रूढी असते, 'आपल्याला हे जमायचे नाही' ही पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती असते. म्हणून 'खबर' हळूहळू कारखान्याचे कुंपण ओलांडून बाहेर आली. तिचे नुसते 'किर्लोस्कर' झाले. त्यात उद्योगी माणसांची चरित्रे आली, बुद्धिवाद आला. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध १९३०च्या दशकात याच मासिकातून महाराष्ट्राने वाचले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. संपादक स्वतः चित्रकार असल्याने 'टाकाच्या फेकी' या व्यंगचित्रांतून ते समाजाला चिमटेही काढीत. रेल्वेच्या एका आडस्थानकाजवळ, ओतशाळेच्या धुरात ही मासिके तयार होत आणि घराघरांत पोचत. काकांचे चरित्रही त्यांनीच लिहिले आणि त्याला नाव दिले 'यांत्रिकाची यात्रा'. १९७५च्या पहिल्याच दिवशी शंकरराव गेले.

काही जण म्हणतील, की ही शेवटी जाहिरातच झाली. कारखानदाराचे मासिक निःपक्षपाती कसे असेल? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. कारखान्याच्या पैशावर चालणाऱ्या पत्राला कारखान्याच्या नांगराचा दोष छापणे अवघड जाते, हे उघड आहे. म्हणूनच कारखान्याबाहेर उभी राहिलेली मासिकेही हवी होती, आणि ती निघाली. पुण्याहून १९२८ साली 'सृष्टिज्ञान' सुरू झाले. भौतिकीचे प्राध्यापक गो. रा. परांजपे यांच्यासारख्या विद्वानाने त्याच्या संपादनाचा भार उचलला. नागपूरच्या 'उद्यम'ने हातउद्योगांची माहिती मध्यमवर्गाच्या ओसरीवर आणून ठेवली. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिची पत्रिका निघाली. हे सारे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते, एकाच विहिरीवरचे रहाट होते.

आता आपल्या भागाचा प्रश्न. मराठीत यंत्रविद्या सांगता येईल का, अशी शंका अजूनही घेतली जाते. मराठवाड्यातल्या माणसाने तरी ती घेऊ नये. आपण १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात बरेच काही अन्याय्य होते, मराठी शाळांची आबाळ होती, हे खरेच. पण त्याच राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि तिथे विज्ञानापासून वैद्यकापर्यंतचे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते, हजारो पारिभाषिक शब्द तयार केले जात. हिंदी भाषांपैकी एकीत हे होऊ शकते, हे आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिले. मग मराठीत का होणार नाही?

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शब्द कोशात जन्मतो आणि दुकानात जगतो. आमच्या पत्रकात मी एकदा 'विभवांतर' असा शब्द छापला. एका वायरमनचे पत्र आले, "हे विभवांतर कोणत्या दुकानात मिळते?" मी पुढच्या अंकापासून मुकाट्याने 'व्होल्टेज' लिहू लागलो. उलट, मोटार 'भरणे' हा शब्द कोणत्याही समितीने घडवलेला नाही, पण किती नेमका! संपादकाने कोश उशाला ठेवावा आणि कान मात्र दुकानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. आमच्या एका अंकात स्टार्टरच्या जोडणीची आकृती चुकीची छापली गेली. दोन तारांची अदलाबदल झाली होती. ती माझ्या नजरेतून सुटली. एका मुलाने पोस्टकार्ड लिहून ती दाखवली. तो कुणाच्या तरी दुकानात उमेदवारी करीत होता. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर मी चूक छापली, बरोबर आकृती छापली आणि त्याचे आभार मानले. त्याआधी त्या आकृतीवरून कुणी जोडणी केली असती तर? या प्रश्नाने मला बऱ्याच रात्री झोप लागली नाही. कवितेच्या मासिकात एक ओळ चुकली तर रसभंग होतो. आमच्या मासिकात एक रेघ चुकली तर हात भाजतो. म्हणून मी म्हणतो, की तांत्रिक संपादक हा खुर्चीत बसलेला असला तरी तो खांबावर चढलेल्या माणसाइतकाच जबाबदार असतो.

आज कुणी विचारील, आता मासिके कशाला? मोबाइलवर बोट फिरवले की मोटार कशी भरायची ते चित्रफितीत दिसते. दिसते खरे, आणि मी स्वतः ते आवडीने पाहतो. पण त्या चित्रात चूक असेल तर पहिल्या पानावर ती कबूल कोण करणार? पोस्टकार्ड कुणाला लिहायचे? माहिती आज उदंड आहे. तिच्यामागे नाव-गाव घेऊन उभा राहणारा, 'हे मी तपासले आहे, चुकले तर मला विचारा' असे म्हणणारा माणूस मात्र दुर्मीळ होत चालला आहे. संपादक म्हणतात तो हाच.

शेवटी या गावाविषयी. 'जालना सोने का पालना' अशी आपल्याकडे म्हण आहे. इथून बियाणे देशभर जाते. या गावच्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. इथल्या रोलिंग मिलची सळई कुठल्या कुठल्या इमारतींत उभी आहे. या गावात भट्टीचा रंग पाहून पोलाद ओळखणारे डोळे आहेत, आवाजावरून बेअरिंग गेल्याचे सांगणारे कान आहेत. हे ज्ञान कुठे लिहिलेले आहे? कुठेच नाही. ते त्या माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. प्रत्येक तिरडीबरोबर आपण एकेक न छापलेले पुस्तक जाळीत आहोत.

म्हणून मी आपल्यापाशी एक लहानसे मागणे मागतो. मासिक काढा असे म्हणत नाही, त्याला भांडवल लागते. गावच्या वाचनालयात एक फळा आणि चार टाचण्या मात्र सहज मिळतील. महिन्यातून एकदा एखाद्या कारखान्याने, एखाद्या दुकानाने आपल्याकडे काय बिघडले, का बिघडले आणि ते कसे दुरुस्त केले, हे एका कागदावर लिहून तिथे लावावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. खाली नाव मात्र लिहावे. चुकले असेल तर दुसऱ्याने शेजारी दुरुस्तीचा कागद लावावा. 'किर्लोस्कर खबर' अशीच लहान सुरू झाली होती, आणि तिच्याहून लहान असा माझा एक कागद एका स्टार्टरच्या पेटीत चिकटला होता.

त्या शेतकऱ्याची मोटार त्यानंतर जळाल्याचे मी ऐकले नाही. विकलेला बैल मात्र परत आला नाही. तो कागद मी तीन महिने आधी लिहिला असता, तर दावणीला दोन्ही बैल राहिले असते, हे मी विसरू शकत नाही. आपणही कुणाचा तरी असा एखादा कागद लिहायचा ठेवला असेल, तर तो आज रात्रीच लिहावा.